सत्तावीस नंबरचं दुसरं म्युझिक

दुकालूच्या ठेल्यावर नरहर तामसकरांनी बारावं गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि अशी ढेकर दिली की शेजारच्या मेडिकलवाल्यानं मान बाहेर काढली.

"काळी चार," सुशील भिसीकर म्हणाला.

"पांढरी पाच होती बे," नरहरभाऊ म्हणाले. "तुले काय समजते."

ढेकर कोणत्या स्केलमधली यावर चौबे कॉलोनीतली दोन शहाणी माणसं, एक बावन्न वर्षांचा आणि एक बहात्तरचा, पाऊण तास भांडतात हे बाहेरच्याला पटायचं नाही. पण नरहरभाऊंचा जुना राग होता. मागच्या होळीला सुशीलनं त्यांच्या फाटकावर 'येथे सकाळी सहाला बीपी मोफत तपासून मिळेल' असा बोर्ड लावला होता. नरहरभाऊ बनियनवर दूध घ्यायला बाहेर आले, तर चौदा म्हातारे बाह्या वर करून रांगेत उभे. दोघांचे तपासावे लागले, कारण ते परत जायलाच तयार नव्हते.

तो राग त्या दिवशी बाहेर निघाला. नरहरभाऊंनी द्रोण फेकला आणि म्हणाले, "कान होता गंगाधरभाऊले. तुमच्या घरात तो दुसऱ्या कोणाले आला नाही. तुले निस्ती जीभ आली."

बाकी काहीही म्हटलं असतं तर सुशील हसला असता. पण गंगाधर म्हणजे त्याचा दादा. जाऊन वर्ष झालं होतं, वर्षश्राद्ध आदल्याच दिवशी आटोपलं होतं. अकरा वर्षं त्या दादाच्या ऑर्केस्ट्रात नरहरभाऊंनी बोंगो वाजवला होता, तेव्हा त्यांना बोलायचा हक्कही होता. सुशीलच्या तोंडून निघून गेलं, "मी सत्तावीस नंबरचं दुसरं म्युझिक काढून दाखवतो. दादासारखं."

दुकालूचा हात मटक्यातच राहिला.

"रविवारपर्यंत," सुशील म्हणाला. एकदा जीभ घसरली की ती उतारावरून खालीच जाते, हा त्याचा जुना अनुभव.

अट नरहरभाऊंनी घातली, आणि घातली ती अशी की रेल्वेत त्यांनी चाळीस वर्षं फक्त अटीच घातल्या असाव्यात. रविवारी दुपारी सुशीलनं खालच्या खोलीत दार लोटून वाजवायचं. वर स्वयंपाकघरात गंगाधरची बायको, कुसुमवहिनी असतील, त्यांना काही म्हणजे काही सांगायचं नाही. वहिनी उठून खाली आल्या आणि हे यांचंच आहे असं स्वतःहून म्हणाल्या, तर सुशील जिंकला. नाही तर संध्याकाळी पाच वाजता याच ठेल्यापाशी, अख्ख्या पाऱ्यासमोर, म्हणजे मोहल्ल्यासमोर, हरणाऱ्यानं दोन्ही कानांना दोन सुपं बांधायची, येईल त्याला गुपचुप खाऊ घालायचं, आणि तीनदा ओरडून सांगायचं, मले कान नाही.

"हव भैया," दुकालू म्हणाला, सुपं बांधायचं काम स्वतःकडे घेत. "सूपा ल मैं बाँधहूँ."

घरी जाताना सुशील शीळ घालत होता. फाटकापाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतो आहोत ते सत्तावीस नंबर नाहीच, भलतंच काही आहे.

*

ऑर्केस्ट्राच्या वहीत गाण्यांना नंबर होते. गंगाधरनं ते लावले होते, आणि भिसीकरांच्या घरात गाण्याचं नाव कोणी घेत नसे. 'आज नऊ नंबर लागलं होतं रेडिओवर', 'चौतीस नंबर म्हणू नको, भाजी करपते.' सत्तावीस नंबर हे त्यातलं सगळ्यांत अवघड. गाणं साधंच होतं, पहिला अंतरा संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी जे म्युझिक वाजतं, ते अवघड. अकॉर्डियनचं एक लांब पीस, जिना चढावा तसं वर जाणारं, मागे व्हायोलिनचा एवढा गलका की सूर हाताला लागत नाही.

घरात तेव्हा टेप नव्हता. रेडिओवर गाणं लागणार एकदा, मग पुन्हा कधी ते देवाला ठाऊक. तेव्हा गंगाधरनं एक पद्धत काढली होती. पीसचे तीन तुकडे करायचे आणि घरात वाटून द्यायचे. सुरुवात बहिणीनं, इंदूनं धरायची, मधलं आईनं, शेवट सुशीलनं. धरायची म्हणजे फक्त आपला तुकडा ऐकायचा, बाकी गाणं कानाबाहेर ठेवायचं, आणि गाणं संपलं की तोंडानं तेवढाच गुणगुणत बसायचं. मग गंगाधर एकेकाजवळ अकॉर्डियन घेऊन बसे आणि तोंडातून सूर काढून घेई. इंदू कपडे धूत असली तर नळापाशी बसे. तोपर्यंत घरात कोणी कोणाशी बोलायचं नाही, कारण बोललं की तुकडा सांडतो. एकदा पोस्टमन आला तर आईनं सही केली ती गुणगुणतच.

मोठा झाल्यावर गंगाधरनं टेप घेतला, शेकडो कॅसेटी जमवल्या. सगळ्या दुसऱ्यांच्या. स्वतःचं वाजवणं त्यानं एकदाही भरून ठेवलं नाही. कशाला, म्हणे, मी इथंच तर आहे.

आता तो नव्हता, आणि सोमवारच्या विमानानं कुसुमवहिनी मुलीकडे, देवश्रीकडे बंगलोरला चालल्या होत्या, कायमच्या. वरच्या मजल्यावरचं सामान बांधून झालं होतं. काय नेणार, काय ठेवणार यावर इंदूताई आणि देवश्री या आत्या-भाचीत बोलणं बंद पडायची वेळ आली होती, पण वहिनींनी कशाचाच आग्रह धरला नाही. फक्त साड्यांच्या घड्या घालताना इंदूताईंना म्हणाल्या होत्या, "ते सत्तावीस नंबर एक वेळा ऐकायले भेटलं असतं, मंग मी कुठंही गेली असती."

इंदूताईंनी ते सुशीलला सांगितलं होतं. म्हणून तर जीभ घसरली.

आणि गंमत म्हणजे सत्तावीस नंबर सुरू झालं की घरातून बाहेर पळणारा एकटा सुशीलच होता. लहानपणापासून. गंगाधरनं वर अकॉर्डियन काढून ते पीस धरलं की हा चपला पायात घालून फाटकाबाहेर. घरच्यांना वाटे, पोट्ट्याला ते गाणं आवडत नाही.

*

अकॉर्डियनचा भाता एका कोपऱ्यात फाटला होता. शुक्रवारी सुशीलनं अकॉर्डियन स्कूटरवर पुढे ठेवून समता कॉलोनीत शर्मिष्ठादीदीकडे नेला. शर्मिष्ठादीदी बंगाली, वडिलांचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान ती चालवते. गंगाधर गेला तेव्हा दुकान बंद ठेवून आली होती. तिनं भाता शिवला, सगळ्या पट्ट्या काढून पुसल्या, पुन्हा बसवल्या, आणि निघताना सुशीलच्या हातात कागदाची एक पुडी दिली.

"ये एक सफेद की के नीचे से निकला," ती म्हणाली. "ऊपर वाला ग. उसी से की दबती नहीं थी. देखिए न, बाकी सब पीली पड़ गई हैं, घिस गई हैं, और ये अभी तक नई है. दादा ने इस पर उँगली ही नहीं रखी."

पुडीत अर्धा चिंचोका होता. चौरस खेळायला फोडतात तसा फोडलेला, एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूला वाळलेल्या गोंदाचा डाग.

सुशील हसला. शर्मिष्ठादीदीनं विचारलं काय झालं, तर म्हणाला काही नाही. पुडी शर्टाच्या खिशात टाकली आणि स्कूटरला किक मारली, ती तिसऱ्यांदा लागली.

एक्क्याऐंशी सालचा गणपती. सुशील नऊ वर्षांचा. दादानं कबूल केलं होतं की स्टेजवर खुळखुळा वाजवायला उभं करीन, आणि ऐन वेळी तो खुळखुळा कोण्या मोठ्या माणसाला दिला. सुशीलनं त्याच दुपारी चौरसाच्या डब्यातला एक चिंचोका घेतला, गोंद लावला आणि अकॉर्डियनच्या एका पांढऱ्या पट्टीखाली सारून दिला. संध्याकाळी सत्तावीस नंबर सुरू झालं, पहिला अंतरा झाला, आणि दुसरं म्युझिक यायच्या आधीच तो पळाला. मैदानाच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागे कान दाबून बसला. घरी गेल्यावर मार बसणार हे पक्कं होतं.

मार बसला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दादा काही बोललाच नाही. त्याला कळलंच नसेल असं सुशीलनं स्वतःला समजावलं, पण ते पीस लागलं की पाय आपोआप बाहेर वळत. त्या माराची वाट पाहत पाहत माणूस बावन्न वर्षांचा झाला.

*

शनिवारी कुसुमवहिनी शंकर नगरला जुन्या मैत्रिणीचा, मायाबाईंचा निरोप घ्यायला गेल्या आणि मागे तिघं बसले. सुशील अकॉर्डियन घेऊन, इंदूताई पलंगावर, देवश्री दाराला टेकून.

इंदूताई समता कॉलोनीहून आल्या त्याच ठरवून की पोट्टीशी बोलायचं नाही. त्यांचं मन त्यांनाच माहीत होतं. वहिनी या घरात आल्या तेव्हा इंदू वीस वर्षांची, लग्नाची, आणि घरात तिच्या बाजूनं बोलणारं ते पहिलं माणूस. नवरा गेला तेव्हाही रात्रंदिवस याच वहिनी. आता ही पोट्टी येते, चार खोकी बांधते आणि घेऊन जाते. इंदूताईंना वाटत होतं, ते पीस बरोबर निघालं तर वहिनी जाणार नाही. असं मोठ्यानं म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, म्हणून म्हटलं नव्हतं.

"धर, ताई," सुशील म्हणाला.

त्यांनी डोळे मिटले. त्रेचाळीस वर्षं कोणी मागितला नव्हता तो तुकडा, पण होता तिथंच होता. आवाज फाटला, सूर फाटला नाही. सुशीलनं दोनदा चाचपडत तो पट्ट्यांवर बसवला. मग शेवटचा त्याचा स्वतःचा तुकडा, तोही निघाला.

मधलं आईचं. आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

मग इंदूताईच म्हणाल्या की मोबाइलवर लाव ते गाणं, मूळचं. मोबाइलवर काय, बोटाच्या टोकाशी सगळं. सुशीलनं ते म्युझिक वीसदा मागे नेऊन नेऊन वाजवलं. आता गलकाही नव्हता, सूर स्वच्छ. जिना एक एक पायरी चढत वर जात होता, कुठं अडत नव्हता, आणि शर्मिष्ठादीदीनं दुरुस्त केलेल्या बाजावर तो तसाच्या तसा उतरला.

"काका, यहाँ कुछ था," देवश्री दारातून म्हणाली. "पापा यहाँ कुछ करते थे. रुकते थे शायद."

"रेकॉर्डात थांबलं आहे का?" इंदूताई म्हणाल्या. दोन दिवसांत भाचीशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "नाही न. मंग. तू बारावीनंतर इथी होती कुठं?"

देवश्रीनं काकाकडे पाहिलं. काकानं अकॉर्डियनच्या पट्ट्याचं बक्कल तपासायला घेतलं. तो ताईच्या बाजूनं नव्हता आणि पुतणीच्याही नव्हता, पण शनिवारी दुपारी ताईला दुखवायची हिंमत त्याच्यात नव्हती. ताईनं पुरणपोळ्या आणल्या होत्या.

देवश्री बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तिला एवढंच आठवत होतं की लहानपणी ती दुपारी झोपायची तेव्हा पलीकडच्या खोलीत ते पीस वाजे, आणि एका ठिकाणी तिचा स्वतःचा श्वास अडे. बाबा तिला हार्मोनियम शिकवत, अकॉर्डियनला मात्र हात लावू देत नसत. पण हे सगळं मराठीत कसं सांगायचं ते तिला सुचलं नाही, आणि हिंदीत सांगितलं की आत्याला ते खोटं वाटतं.

*

रविवारी साडेबाराला वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. उद्या विमानात बसायचं आणि आज मेथी कशाला, असं देवश्रीनं विचारलं तर म्हणाल्या की सुशीलले आवडते. देवश्री समोर बसली. तिला सगळं माहीत होतं, त्यामुळे ती आईच्या चेहऱ्याकडे सोडून सगळीकडे पाहत होती.

खाली सुरू झालं. इंदूआत्याचा तुकडा.

आईचे हात थांबले. मेथीची काडी बोटात तशीच राहिली. मग आई उठली, पदराला हात पुसले आणि जिन्याकडे निघाली. देवश्री मागोमाग. तिच्या मनात आलं, काका जिंकले. आणि त्याच क्षणी पीस मधल्या भागात शिरलं, एक पायरी, दुसरी, आणि तिसरी, स्वच्छ, घंटेसारखी.

आई चौथ्या पायरीवर थांबली. कठड्याला हात लावला. मग उरलेल्या पायऱ्या उतरली, पण आता घाई नव्हती.

खालच्या खोलीत सुशीलचं वाजवणं संपलं होतं. पडद्यामागे नरहरभाऊ उभे होते, त्यांचे पाय खालून दिसत होते. इंदूताई देवाच्या फोटोकडे तोंड करून बसल्या होत्या.

"छान वाजवलं," वहिनी म्हणाल्या. "अगदी रेकॉर्डसारखं."

पडद्यामागच्या पायांनीसुद्धा जिंकल्यासारखं काही केलं नाही. नरहरभाऊ बाहेर आले ते मान खाली घालून, आणि त्यांना पाहून वहिनींनी विचारलं, हे इथं काय करून राहिले. मग सगळं सांगावं लागलं. सुपांचं ऐकून वहिनी हसल्या. वर्षानंतर पहिल्यांदा, आणि हसता हसता खुर्चीवर बसल्या.

"ते मधी थांबत होते," मग म्हणाल्या. "तुम्हाले कोणालेच आठवत नाही का?"

नरहरभाऊंनी मांडीवर बोटं टेकवली आणि त्यांचा चेहरा बदलला. "होय बा," ते म्हणाले. "मी तिथं हात उचलून धरायचो. बोटांले माहीत होतं, मीच विसरलो."

वहिनी सांगत होत्या ते बहुतेकांनी ऐकलं नव्हतं. गणपतीचा प्रोग्राम, तिसरी रांग. त्यांना मुलगा दाखवायलाच आणलं होतं, पण मुलाला ते सांगितलेलं नव्हतं. मुलगा पीस वाजवत वर चढत होता आणि मधेच थांबला. एक श्वासभर. सगळं मैदान थांबलं. मुलानं मान वर केली, आणि वहिनींना वाटलं की त्यानं थेट आपल्याकडे पाहिलं. मग एकदम वरच्या सुरावर उडी, आणि टाळ्या.

"लोक म्हणाले चुकला. मी घरी जाऊन होकार देला," वहिनी म्हणाल्या. "मले वाटलं, हा माणूस माझ्याकडे पाहून चुकला. मंग जन्मभर तिथंच थांबायचे. मी कधी विचारलं नाही काहून. विचारायची गोष्ट होती का ते?"

सुशीलचा हात शर्टाच्या खिशावर गेला.

पुडी तिथंच होती. त्याला सगळं एकदम दिसलं. दादानं त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ती पट्टी अडते काहून ते पाहिलं असणार. हेअरपिननं काढायचं, दोन मिनिटांचं काम. आणि पट्टी चाळीस वर्षं नवी राहिली होती. दादानं तो चिंचोका काढला नव्हता, भावाला मारलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या रांगेतल्या त्या पोरीला जे वाटलं ते तसंच वाटू दिलं, आणि दर वेळी त्याच पायरीवर येऊन थांबला.

सुशील भिसीकरनं आयुष्यात केलेल्या सगळ्या खोड्यांमध्ये ही सगळ्यांत मोठी होती. ओठांवर आलेली गंमत त्यानं आजवर गिळली नव्हती, कोणाच्या मयतीतही नाही. आता समोर चार माणसं बसली होती आणि खिशात पुरावा होता.

"हो वहिनी," तो म्हणाला. "दादा तिथं थांबायचा. मले कान नाही, मी चुकलो."

*

तीन वाजता देवश्री खालच्या खोलीत आली तेव्हा काका जमिनीवर अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसला होता. बोटाला गोंद लागला होता. तो एक पांढरी पट्टी किंचित उचलून तिच्याखाली काहीतरी सारत होता, जीभ दातांत धरून, नऊ वर्षांच्या पोरासारखा.

"ये क्या है?"

"चिंचोका."

तिनं पाहिलं. तो कुठून आला, कोणी ठेवला, केव्हा, हे त्यानं चार वाक्यांत सांगितलं. सांगताना एकदाही हसला नाही.

"पापा को पता था?"

"हव."

"और आई को?"

"नाही." सुशीलनं पट्टी दाबून पाहिली. ती खाली गेली नाही. "असं पण तू मराठीत काही बोलत नाही. हे तर मुळीच बोलू नको."

देवश्री त्याच्याजवळ खाली बसली आणि अकॉर्डियन आपल्या मांडीवर ओढून घेतलं. पट्ट्यात खांदे घातले. भाता उघडला.

"नाही बोलणार, काका," ती म्हणाली. मराठीत.

इंदूताई दारात कधी आल्या ते दोघांनाही कळलं नाही. किती ऐकलं तेही त्यांनी सांगितलं नाही. त्या येऊन भाचीच्या शेजारी बसल्या आणि नुसत्याच गुणगुणू लागल्या, आपला पहिला तुकडा. देवश्रीनं दोन वेळा तो ऐकला आणि तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडातून काढून घेतला.

*

पाच वाजता ठेल्यापाशी एवढी माणसं जमली की मेडिकलवाल्यानं दुकानाची खुर्ची बाहेर मांडली. सुपं मंजिरीनं दिली, सुशीलच्या बायकोनं. एक गव्हाचं, एक डाळीचं, आणि देताना सांगितलं की फाटली तर घरात येऊ नका. दुकालूनं ती सुतळीनं डोक्याला अशी बांधली की सुशीलला मान वळवता येईना. बीपीच्या रांगेतले चौदाही म्हातारे आले होते. त्यांतल्या एकानं जवळ येऊन सुशीलची बाही वर केली आणि नाडी पाहिली.

"विसर्जन कधी?" कोणीतरी विचारलं.

"आधी प्रसाद घ्या," सुशील म्हणाला, आणि गुपचुप भरायला लागला. बटाटा जास्त, पाणी कमी. दुकालूला ते पाहवेना, पण अट म्हणजे अट.

नरहरभाऊ ठेल्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. जिंकलेला माणूस जसा दिसायला हवा तसे ते दिसत नव्हते. त्यांनी सुशीलला हळूच सांगितलं की एकदाच म्हण, तीनदा राहू दे. सुशील म्हणाला, "काहून? भिसीकर पैज बुडवत नाही."

तो स्टुलावर चढला.

"मले कान नाही," तो ओरडला. पोरं खिदळली. सुपं हलली.

तेव्हा कुसुमवहिनी आल्या. वर्षभर त्या या कोपऱ्यापर्यंत आल्या नव्हत्या. लोकांनी वाट दिली. त्यांनी दुकालूकडून द्रोण घेतला आणि वर स्टुलावरच्या दिराकडे पाहिलं, सुपांसकट, पायापासून डोक्यापर्यंत.

"दादाले आवडलं असतं," म्हणाल्या.

सुशीलनं खाली वाकून त्यांच्या द्रोणात एक गुपचुप ठेवलं. मग सरळ उभा राहून दुसऱ्यांदा ओरडला, "मले कान नाही."

भिसीकरांच्या बाल्कनीत कोणीतरी गुणगुणलं, म्हातारा, फाटका आवाज, आणि त्याच्यावर अकॉर्डियन चढलं. इंदूताईंचा तुकडा. गर्दीतल्या तरुणांनी वर पाहिलं. जुन्या माणसांनी पाहिलं नाही, ते जागच्या जागी गप्प झाले. वहिनींनी गुपचुप उचललं होतं, ते तोंडाशी नेता नेता राहिलं.

जिना सुरू झाला. एक पायरी. दुसरी.

सुशीलनं तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं होतं. "मले," एवढं म्हणाला आणि थांबला. भाता नुसता हवा घेत होता, ती हवासुद्धा सुपांत ऐकू येत होती. नरहरभाऊंचे दोन्ही हात वर उचललेले होते. वहिनींच्या बोटांमधून चिंचेचं पाणी मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत आलं, त्यांनी ते पुसलं नाही. त्या बाल्कनीकडे पाहत नव्हत्या. समोर पाहत होत्या, गर्दीच्या वरून, तिसऱ्या रांगेतून पाहावं तसं.

मग वरचा सूर लागला, आणि नरहरभाऊंची बोटं ठेल्याच्या पत्र्यावर नेमकी त्याच वेळी पडली.

वहिनींनी गुपचुप खाल्लं. सावकाश, पूर्ण. पीस संपल्यावर द्रोण पुढे केला.

"हेच," म्हणाल्या. "हे यांचं आहे."

कोणीतरी म्हणालं, मग तर सुशील जिंकला. दुकालूचा हात सुतळीच्या गाठीकडे गेला. सुशीलनं तो बाजूला केला. वाजवलं कोणी, पोट्टीनं. आणि दुपारची पैज दुपारीच संपली, असं म्हणाला. मग दोन्ही हातांनी दोन्ही सुपं सरळ केली, वहिनींच्या द्रोणात आणखी एक ठेवलं, आणि अख्ख्या पाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिसऱ्यांदा सांगितलं,

"मले कान नाही."